मासळीभाऊंचा कोट

मासळीभाऊंनी आयुष्यात कधी मासा पकडला नव्हता, तरी नाव पडलं ते पडलंच. जनावरांच्या दवाखान्यात त्यांची नोकरी होती कोल्ह्यांना रेबीजची लस खाऊ घालण्याची. कोल्हा काही दंड पुढे करून सुई टोचून घेत नाही. म्हणून लसीची पुडी माशाच्या भुकटीच्या वडीत दडवायची आणि वड्या डोंगरावर टाकत फिरायचं. भाऊ बसमध्ये चढले की शेजारची सीट आपोआप रिकामी होई. घरी त्यांचा कोट बाहेरच्या खिळ्याला, आणि अंघोळ केल्याशिवाय आत पाऊल नाही, हा बायकोचा कायदा.

"या घरात एक तर तो कोट राहील, नाहीतर मी," ती म्हणे.

यंदा एक पिसाळलेला कोल्हा पोस्टमनला चावला. इंजेक्शनं वेळेवर मिळाली म्हणून तो वाचला, पण गाव खवळलं. लस कोल्ह्यांच्या पोटात जाते याचा पुरावा द्या, नाहीतर बंदूकवाले आणून सगळे कोल्हे मारू! भाऊंचा त्या कोल्ह्यांवर फार जीव. पण वड्या रोज फस्त होत होत्या, त्यामुळे ते निर्धास्त होते. "माझी गिऱ्हाइकं चाटूनपुसून खातात," असं छाती फुगवून सांगत.

पुराव्यासाठी डॉक्टरीणबाईंनी झाडाला कॅमेरा बांधला. फोटो बघायला सगळा दवाखाना जमला. पहिल्या फोटोत नुसतं पोट. दुसऱ्यात ओळखीचं शेपूट. तिसऱ्यात भाऊंच्याच घरचा कुत्रा लाडोबा, जिभल्या चाटताना! कोटाच्या वासामागून तो रोज डोंगर चढत होता.

"लसीनं त्याला काही होणार नाही," बाई हसू दाबत म्हणाल्या. "पण उद्या सकाळी फोटोत कोल्हा दिसला नाही, तर बंदुका मला थांबवता येणार नाहीत."

लाडोबाला बांधलं तर तो दोर कुरतडे, कोंडलं तर घर डोक्यावर घेई. भाऊ दाराबाहेरच डोकं धरून बसले. बायकोनं आधी यथेच्छ तोंडसुख घेतलं. मग त्यांचा चेहरा बघून आवाज खाली आणला.

"कोट काढून ठेवा. धुतलेला सदरा घाला, वड्या टाका आणि रात्री दवाखान्यातच झोपा," ती म्हणाली. "कुत्र्याचं मी बघते."

सकाळी फोटोत एक हडकुळी कोल्हीण वडी तोंडात धरून उभी होती. भाऊंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते धावत घरी आले.

स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद होत्या. आत वास असा, की त्यांनाही नाक धरावं लागलं. बायको भिंतीला टेकून बसली होती, अंगात तो कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मांडीवर डोकं ठेवून लाडोबा घोरत होता.

"खाल्लं का हो कोल्ह्यानं?"

"खाल्लं."

"मग आज अंघोळीला आधी मी जाणार."