बेलचा दिवा

सुलक्षणा राऊळचा आवाज गोड होता आणि तिला पगार मिळायचा तो त्या आवाजाचाच. विक्रोळीला एका लिफ्टच्या कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं फोनवर किंचाळायची, रडायची, आईबहिणीवरून शिव्या द्यायची. सुलक्षणा म्हणायची, "घाबरू नका काका, माणूस निघालाय. तो येईपर्यंत मी फोन ठेवत नाही." आणि खरंच ठेवायची नाही. बावीस वर्षं हेच काम. अशा बाईनं वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ठरवलं की आपण मूल दत्तक घ्यायचं, मुलगी घ्यायची, आणि तीही ऐकू न येणारी.

"वेडी आहेस का तू?" शेजारच्या टेबलवरची श्वेता म्हणाली. "एवढा सोन्यासारखा आवाज, तो ऐकायला तरी कुणी आण ना घरात!"

सुलक्षणा हसली आणि पुढचा फोन घेतला. कारण होतं, पण ते डबा खाताना सांगण्यासारखं नव्हतं.

घाटकोपरला पंतनगरच्या जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, मग तेही गेले. थोरला भाऊ दत्ताराम लग्नानंतर बदलापूरला राहायला गेला. मागे राहिल्या आई आणि ती. आईचं करता करता लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. निदान कुणी तसं बोललं तरी नाही. दोन वर्षांपूर्वी आईही गेली आणि दोन खोल्यांत सुलक्षणा एकटी उरली. घरी आल्यावर सकाळपर्यंत तिच्या तोंडून एक शब्द निघत नसे. बोलणार कुणाशी? कुकरशी?

तयारी मात्र तिनं अशी केली होती, जशी लोक लग्नाचीही करत नाहीत. दर शनिवारी मुलुंडला खुणांच्या भाषेचा क्लास. शिकवणारे श्यामसुंदर सर स्वतः जन्मापासून बहिरे आणि फार कडक. वर्गात कुणी तोंडानं बोललं की ते टेबलावर पट्टी आपटायचे. सगळ्यात वाईट खोड सुलक्षणाची. हात हलले की तिचे ओठही हलत. एकच खूण तिला शिकावी लागली नाही. सरांनी कानाची पाळी चिमटीत धरली. चुकलं, माफ कर. वर्गातले सगळे हसले. हे तर शाळेपासून येतं! सुलक्षणा तेवढी हसली नाही.

रविवारी ती केमिस्टकडून आणलेले फोमचे बोळे कानात घालायची, वर घट्ट स्कार्फ बांधायची आणि दिवसभर तशीच घरात वावरायची. पोरीला घर कसं वाटेल ते कळायला हवं. पहिल्याच रविवारी कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या नाहीत आणि भाताची खळ झाली. ती खळ तिनं मीठ-तूप घालून खाल्ली. फुकट घालवण्याची सवय नव्हती.

आणि बेलचा दिवा. नाक्यावरच्या विकी इलेक्ट्रिशियनकडून तिनं बेलच्या वायरला जोडून हॉलच्या भिंतीवर एक पिवळा बल्ब बसवून घेतला. बाहेर कुणी बटण दाबलं की आत दिवा लागणार. विकीनं बेल दाबून दाखवली. "झकास! मावशी, आता कोण आलं गेलं, सगळं दिसणार बघा."

दिसणार तर खरं, पण यायला हवं ना कुणी. दुधाची पिशवी कडीला लटकते, कचरेवाली दारावर थाप मारते, पार्सल वॉचमनकडे पडून राहतं. महिना झाला, दिवा काही पेटला नाही. एकदा तिनं दार उघडं ठेवून स्वतःच बटण दाबलं आणि मान आत घालून पाहिलं. पेटला. पण आपणच बेल मारायची आणि आपणच बघायचं, याला काय अर्थ आहे? तिला स्वतःचीच लाज वाटली. समोरच्या दारातून कुणी पाहिलं तर नाही ना, हे बघून ती आत आली.

दत्तक देणाऱ्या संस्थेकडून चेतना नावाची समाजसेविका घर बघायला आली. सुलक्षणानं तिला खाली जाऊनच वर आणलं, त्यामुळे बेलची वेळ आली नाही. तरुण, चुणचुणीत मुलगी. दिवा पाहून खूश झाली, शाळेची चौकशी केलेली वही पाहून आणखी खूश झाली. मग फाइलमधला शेवटचा कागद पुढे ठेवत म्हणाली, "ताई, तुम्ही एकट्या आहात ना, म्हणून हे लागतं. उद्या तुम्हाला काही झालं तर मुलीला कोण सांभाळेल? नातेवाइकानं लिहून द्यायचं, खाली सही. मला सोमवारी रिपोर्ट पाठवायचाय. याच्याशिवाय तो पुढे जाणार नाही, आणि रिपोर्ट गेल्याशिवाय कुठल्याच मुलीचा फोटोसुद्धा दिसणार नाही तुम्हाला."

"ऑफिसातली मैत्रीण चालेल?"

"माझ्या हातात असतं तर चालवली असती हो."

एक सही. बावीस वर्षं अनोळखी लोकांना 'मी आहे' म्हणत आलेल्या बाईला 'मी आहे' म्हणणारं एक माणूस हवं होतं. कणकवलीचा मामेभाऊ "कळवतो" म्हणाला, म्हणजे नाहीच. मावशीच्या मुलीनं फोन उचलला नाही. उरला सख्खा भाऊ.

दत्तारामनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. बदलापूरला मागे टीव्ही चालू होता. मग तो म्हणाला, "सुले, राग मानू नको. आमचंच आम्हाला झेपत नाय. असली सही मी करणार नाय." ही गोष्ट गुरुवारची.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी चेतनाचा रिपोर्ट सहीविना अडकणार. तरी सुलक्षणानं बोळे घातले, स्कार्फ बांधला. सवय म्हणा, हट्ट म्हणा. आणि त्या दिवशी तिनं एक नवीन गोष्ट केली. आईची वेताची खुर्ची माळ्यावरून काढली आणि दारासमोर ठेवून तिच्यावर बसली.

ऐकू न येणारी मुलगीच का, याचं कारण या खुर्चीत होतं. शेवटची तीन वर्षं आईला अजिबात ऐकू येत नसे. मशीन लावलं की डोकं गरगरतं म्हणायची. एका संध्याकाळी सुलक्षणा कामावरून आली तर आतून कडी. चाळीस मिनिटं ती बेल मारत होती, दार बडवत होती. शेजारीपाजारी जमले. आई स्वयंपाकघरात निवांत वाल सोलत बसली होती. पाणी ठेवायला म्हणून उठली, तेव्हा कडेच्या खिडकीतून तिला माणसं दिसली. दार उघडल्यावर सुलक्षणाचा तो गोड आवाज कुठे गेला देव जाणे. सगळ्या मजल्यादेखत ती ओरडली, "ठार बहिरी झालीस! मेलीस की काय वाटलं मला! मर तरी एकदाची!"

आईला शब्द ऐकू आले नाहीत. तोंड मात्र दिसलं. दुसऱ्या दिवसापासून चार वाजले की ती आतलं दार उघडून, जाळीच्या दरवाजासमोर खुर्ची टाकून बसायला लागली. लेक येईपर्यंत उठायची नाही, लघवीलासुद्धा नाही. मरेपर्यंत बसली. सुलक्षणा रोज जिना चढून यायची, आईला तिथं बघायची आणि काही न बोलता आत जायची. तीन वर्षांत एकदाही तिनं म्हटलं नाही की आई, चुकलं माझं. म्हणून काय उपयोग, तिला कुठे ऐकू येतंय, अशी ती मनाची समजूत घालायची.

आज ती त्याच खुर्चीत बसली होती. कानात शांतता, समोर बंद दार, भिंतीवर विझलेला दिवा. किती एकटं वाटतं इथं बसलं की! आईला रोज असंच वाटत असणार, हे तिला आज पहिल्यांदा कळलं आणि ती रडली. स्वतःचं रडणंही तिला धड ऐकू आलं नाही.

दिवा पेटला.

तिला आधी भासच वाटला. विझला, पुन्हा पेटला. तिनं लगेच दार उघडलं नाही. महिनाभरानं पेटलेला तो पिवळा बल्ब ती डोळे भरून बघत राहिली. मग स्कार्फ सोडला, बोळे काढले आणि उठली.

दारात दत्ताराम होता, वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. "काय गो, बेल मारून बोट दुखला माझा!" तावात आला की तो मालवणीवर जायचा. चपला काढता काढताच त्यानं सुरुवात केली. "वैनीन पाठवल्यान माका, तुका समजावूक. पोर घे गो, पण धडधाकट घे! उद्या तुका काय झाला तर आम्ही त्याचा काय करूचा? आमका हातवारे करूक येतत?"

सुलक्षणानं चहा ठेवला. भांडायचं त्राण नव्हतं. बाहेर त्याचं चालूच होतं, आणि मग एकाएकी थांबलं. ती कप घेऊन आली तर तो खुर्चीकडे बघत उभा होता.

"ही खुर्ची अजून इथंच?" त्याचा आवाज खाली आला होता. "आये इथंच बसायची. मी महिन्यातून एकदा यायचो, तेही सांगून सवरून नाय. पण जिना चढलो की आये दारात हजर. मला बघितलं की उठून उभी राहायची." त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "रोज माझी वाट बघत बसत असेल गं ती. आणि मी तासाभरात पळायचो, गाडी चुकेल म्हणून."

सुलक्षणाच्या जिभेवर सगळं आलं. दादा, तुझी नाही रे, ती माझ्यामुळे बसायची. मी तिला मर म्हटलं होतं. पाच वर्षांत हे ज्याला सांगावं असं कुणी भेटलं नव्हतं, आज सख्खा भाऊ समोर उभा होता. पण बोलली असती तर वाट बघणारी आई त्याच्या हातून गेली असती, आणि सही आपल्या हातून. यातलं कुठलं कारण मोठं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "तुझीच वाट बघायची."

दत्ताराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, "आण तो कागद."

सही करून पेन परत देताना म्हणाला, "वैनीचं मी बघतो. त्या पोरीला पयलं 'मामा' शिकव." चहा तसाच राहिला. त्याची पावलं जिना उतरून गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं.

सुलक्षणानं कागद फाइलमध्ये नीट घातला. हवं ते मिळालं होतं, पण आनंद होईना. जे सांगायचं होतं ते आता दुसऱ्या कुणालाच सांगता येणार नव्हतं. ती दाराशी गेली आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. आईला ऐकू येत नव्हतं; दिसत तर होतं. एवढं साधं आपल्याला तीन वर्षं सुचू नये?

तिनं दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले. ओठ मिटलेलेच राहिले. सर असते तर म्हणाले असते, आता बरोबर.

मग तिनं खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी नेऊन ठेवली. येणाऱ्या पोरीला दारासमोर बसावं लागणार नव्हतं.