बर्नीसाठी न दिलेला जबाब

निरोप आला तेव्हा मी क्लीनरूमच्या बाहेर बाकावर बसून बुटांवर निळी आवरणं चढवत होतो. ॲथलोनच्या आमच्या कारखान्यात इंजेक्शनच्या सुया बनतात, आत फोन नेता येत नाही. लॉकरमध्ये ठेवता ठेवता मेसेज दिसला. बर्नीच्या धाकट्या बहिणीचा, नोराचा. 'बर्नी मंगळवारी गेली. हार्ट. दुकानातच.' खाली दफनाची वेळ होती, पण 'ये' असं म्हटलेलं नव्हतं. मी फोन ठेवला, आत गेलो आणि आठ तास काम केलं. याला आता सहा आठवडे झाले...

बर्नीच्या गावाचं नाव लिहीत नाही. गाव इतकं लहान आहे की माणसं लगेच ओळखू येतील. ॲथलोनहून पश्चिमेला दीड तासावर, नदीवरच्या पुलाला लागून तिचं दुकान. गळ, दोरे, रिळं, गमबूट, फ्रिजमध्ये अळ्यांचे डबे, आणि या सगळ्यावर गॅसच्या हीटरचा वास. मी सांगलीचा, मामाबरोबर कृष्णेत गळ टाकत वाढलेला. मासा धरायला सरकारचा कागद लागतो, याचं मला हसू यायचं. इथे साधे मासे धरायला तो लागत नाही, सॅमनसाठी मात्र लागतोच. सहा वर्षांपूर्वी तो घ्यायला मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. सत्तरीची, रुंद खांद्यांची बाई. नाव विचारलं. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "डॅन लिहा, सोपं पडेल."

"पासपोर्टवर डॅन आहे?"

"नाही. धनंजय."

"मग मला सोपं पडायचं कारण नाही," ती म्हणाली, आणि एकेक अक्षर विचारून पूर्ण नाव लिहिलं. परवान्याबरोबर एक वही आणि निळ्या पट्ट्या मिळतात. मासा ठेवायचा असेल तर त्याच्या कल्ल्यातून पट्टी ओवायची आणि वहीत नोंद करायची. तिने ते सगळं नीट समजावलं आणि म्हणाली, "ग्रँड." इथल्या बोलीत त्याचा अर्थ नुसता 'ठीक आहे'. तिचं प्रत्येक बोलणं तिथे संपायचं.

पहिला सॅमन लागला तो दुकानासमोरच. काठावर ओढला, पण मारायचा कसा ते कळेना. इथे त्यासाठी वीतभर लांबीचा जड सोटा असतो, त्याला 'पाद्री' म्हणतात, शेवटचा संस्कार करणारा म्हणून. मी डोळे अर्धे मिटून तीनदा मारलं. मासा रक्त उडवत गवतात तडफडत राहिला. बर्नी रस्ता ओलांडून आली, सोटा हिसकावला आणि डोळ्यांच्या मागे एकच घाव घातला. मासा थरथरला आणि निपचित पडला. "घाबरून मारतोस ना, तेव्हा त्याला जास्त लागतं," ती म्हणाली. नंतर कधीतरी चहा पिताना तिने हेही सांगितलं होतं, की तिचा नवरा तिला बावीस वर्षं मारत होता आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं. "सगळ्यांना माहीत होतं. पण विचारलं की कुणी काही पाहिलेलं नसायचं..."

गेल्या वर्षी जूनमध्ये, भर दुपारी, मी पुलाखाली गुडघाभर पाण्यात उभा होतो. पन्नाशीचा एक माणूस आला, तोंडाला दारूचा वास. "लायसन्स दाखव." तो अधिकारी नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी खिशातून परवाना काढून दिला. त्याने तो वाचलाही नाही. फाडून पाण्यात टाकला, म्हणाला, "आमचे मासे, आमची घरं, अजून काय न्यायचंय?" आणि तोंडावर ठोसा मारला. मी पडलो. त्याने बरगड्यांत लाथा घातल्या, मग माझी मान धरून डोकं पाण्याखाली दाबलं. नाकातोंडात गाळ गेला. मी त्याच्या मनगटाला ओरबाडत होतो, पकड सुटत नव्हती. कानात नुसता पाण्याचा आवाज... आणि मग एक कडाड. वाळकी फांदी मोडावी तसा. त्यानंतर, त्यानंतरच, मानेवरचा हात सुटला. मी वर आलो तेव्हा बर्नी गुडघाभर पाण्यात उभी होती, हातात दुकानातला सोटा. तो माणूस मनगट छातीशी धरून किंचाळत होता.

माझ्या दोन बरगड्या मोडल्या, त्याच्या मनगटाचा चुरा झाला. त्याने उलटी तक्रार केली, की आपण केव्हाच सोडून दिलं होतं, म्हातारीने मागून येऊन मारलं. दुसरा साक्षीदार नव्हता. गार्डा, म्हणजे इथला पोलीस, आमच्या घरी आला. त्याचा खरा प्रश्न एकच होता. "तिने मारलं तेव्हा त्याने तुला धरलेलं होतं का?"

आमचा नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. त्या माणसाच्या भावांना माझी गाडी माहीत होती. आदल्या संध्याकाळी माधुरी, माझी बायको, म्हणाली होती, "अरे, कोर्टकचेरीत नाव नको यायला आत्ता. मार लागला एवढंच सांग." पण दोष तिच्यावर टाकत नाही. प्रश्न मला विचारला होता, तोंड माझं होतं. मी म्हटलं, "आठवत नाही."

बर्नीवर मारहाणीचा खटला भरला गेला. तिच्या दुकानाची काच दोनदा फुटली, एकदा आतल्या गमबुटांवर रॉकेल ओतलं गेलं. तिने खिडकीला फळ्या ठोकल्या आणि दुकान चालू ठेवलं. मी महिनाभराने गेलो. ती रिळाला दोरा भरत होती.

"तुला आठवत नाही म्हणे," ती म्हणाली.

मी माधुरीचं, अर्जाचं काहीतरी बोलू लागलो. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "ग्रँड."

पुन्हा गेलो नाही. सुनावणीला दोन आठवडे उरले होते तेव्हा ती गेली. मी दफनालाही गेलो नाही.

परवा सुट्टी घेतली आणि तिथल्या गार्डा स्टेशनवर गेलो. तोच गार्डा होता. म्हटलं, जबाब बदलायचाय. तो म्हणाला, "बाई वारली, खटला संपला. आता त्याचा काय उपयोग?" मी म्हटलं, तरी लिहून घ्या. त्याने लिहिलं. मी सही केली आणि त्याच्याकडून एक प्रत मागून घेतली. माझ्या नागरिकत्वाचं पत्र आलं होतं एव्हाना, हेही सांगायला हवं. धाडस म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

दुकानात नोरा होती, माल खोक्यांत भरत. मी कागद पुढे केला. तिने उभ्या उभ्या वाचला. 'तिने मारलं तेव्हा त्याचा हात माझ्या मानेवर होता' ही ओळ तिने पुन्हा वाचली.

"ती वाट बघत होती," नोरा म्हणाली. "रोज. वकिलाला सांगायची, तो येईल, पोरगा घाबरलाय फक्त."

दुसरं काहीच सुचलं नाही म्हणून मी विचारलं, यंदाचे परवाने इथे मिळतील का.

तिने कागदाची घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली, दाराशी गेली आणि ते उघडून धरलं.

"परवाने ऑनलाइन मिळतात हल्ली," ती म्हणाली, आणि मी बाहेर पडेपर्यंत दार तसंच धरून उभी राहिली.