आम्ही इंटरनॅशनल शाळेचा दर्जा तपासतो

पेपर तपासणाऱ्यांकडे मुलांचे किस्से साठतात. शाळा तपासणाऱ्यांकडे मोठ्या माणसांचे साठतात, आणि मोठी माणसं पूर्ण तयारी करून चुकतात! चिक्कडपल्लीला आमच्या घरी कुणी चहाला आलं, की बशीत बिस्किटं पडायच्या आत फर्माईश होते, "बाई, ती इंटरनॅशनल शाळा सांगा ना!"

त्या काळात हैदराबादेत रोज काहीतरी नवं उघडायचं. पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरवाली मंडळी आली, त्यांच्या मागे फ्लॅट आले, फ्लॅटांच्या मागे शाळा. मोबाइलवर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे असे ते दिवस. अशा शाळांचा शैक्षणिक दर्जा तपासून शिक्का देणाऱ्या एका संस्थेने आमचं तिघांचं पॅनल केलं. मी गणिताची, निवृत्त. इंग्रजीच्या वासंतीगारू, 'गारू' म्हणजे तेलुगूतलं 'जी'. आणि कुलकर्णी सर, हिमायतनगरचे माजी हेडमास्तर, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादी, 'हो'च्या जागी 'हौ' म्हणणारे.

शाळा गावाबाहेर खडकावर, कोरी करकरीत. शिक्का मिळाला तर पुढची अ‍ॅडमिशन्स, नाही तर बोंब! त्यामुळे गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांचे श्वास अडकलेले.

* * *

चेअरमन रेड्डीगारू स्वतः स्वागताला. प्लॉट विकता विकता शाळेत उतरलेले, पांढरा शर्ट, पांढरे बूट. मी विचारलं, "शाळेत इंटरनॅशनल काय काय आहे?"

त्यांनी अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. ओळीने घड्याळं! खाली पाट्या: लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, सिडनी. चारही घड्याळांत सव्वादहा.

कुलकर्णी सर चष्मा वर-खाली करत म्हणाले, "रेड्डीगारू, सगळीकडे एकच टाइम?"

"हौ साब," रेड्डीगारू खुशीत म्हणाले, "सब में बॅटरी एकीच दिन डाले ना!"

* * *

मग लायब्ररी. पुस्तकं अशी रचलेली की बघत राहावं. डावीकडे बुटकी, उजवीकडे उंच. शब्दकोशाशेजारी स्वयंपाकाचं पुस्तक, त्याच्याशेजारी भूगोल.

"ही कुठली पद्धत?" वासंतीगारूंनी लायब्ररियन मुलीला विचारलं.

"मॅम, हाइटवाइज," ती म्हणाली. "मी आधी पीटी टीचर होते."

* * *

सकाळी मला सहावीचा गणिताचा तास दाखवला. काय मुलं होती! प्रश्न संपायच्या आत हात वर. मी खूश. दुपारी आठवीत नेलं. तिथेही तसेच हात, तशीच उत्तरं. पहिल्या बाकावरचा एक गुटगुटीत चेहरा मात्र फारच ओळखीचा वाटला.

मी खाली वाकून हळूच विचारलं, "बाळा, तू सकाळी सहावीत होतास ना?"

"येस मॅम."

"मग आता इथे?"

"मॅम, लंचनंतर प्रमोशन झालं!"

मागे प्रिन्सिपलबाईंनी डोळे मिटून घेतले. मला हसू आवरेना. पण खऱ्या आठवीचं काय? ती होती बास्केटबॉलच्या मैदानावर, भर उन्हात, खडकाआड दडवलेली. त्यांना मी साधा भागाकार घातला. एकानेही पेन उचललं नाही. तेव्हा मात्र हसू आटलं.

* * *

फ्रेंचचा तास बघायला कुलकर्णी सर गेले. आमच्यापैकी कुणालाच फ्रेंच येत नव्हतं, पण सर म्हणाले, "परेशान नका होऊ. उच्चारावरून कळतं!"

अर्ध्या तासाने परत आले ते गदगदलेले. "बाई, काय ओघ! नाकातून असं झुळझुळ येतंय की बस्स. मी 'उत्कृष्ट' शेरा दिला."

"मुलं काय बोलली?" मी विचारलं.

"मुलं गप्पच होती. टीचर खिडकीशी उभी राहून बोलत होती. कानाला मोबाइल लावून."

वासंतीगारूंनी नुकतीच स्टाफरूममध्ये त्या बाईंची विचारपूस केली होती. त्या म्हणाल्या, "सर, ती कोट्टयमची आहे. आईचा फोन असणार. तुम्ही मल्याळमला उत्कृष्ट दिलंय!"

* * *

शाळेचा नियम होता: आवारात फक्त इंग्रजी. दुसरी कुठली भाषा बोलला, की फळ्यावर नाव.

पाचवीच्या वर्गात आम्ही तिघं मागे बसलेलो. एक चिमुरडी उभी राहिली. "मॅम, मे आय टेल वन थिंग?"

"नॉट नाऊ," टीचर म्हणाली. घाम फुटला होता बिचारीला आमच्यामुळे.

मुलगी बसली. पुन्हा उठली. "मॅम, लाँग लिझर्ड. नो लेग्ज. अंडर सर."

कुलकर्णी सरांनी खुर्चीखाली पाहिलं. लांबलचक धामण! "अरे बाप रे, साप! साप!" म्हणत सर या वयात थेट टेबलावर! वॉचमनने येऊन धामण काठीवर उचलून बाहेर नेली. सगळे शांत झालो, आणि मग फळ्याकडे लक्ष गेलं.

मॉनिटरने सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'कुलकर्णी सर. व्हर्नाक्युलर. टू टाइम्स.'

* * *

शेवटी निकाल सांगायची वेळ आली. रेड्डीगारू समोर बसले. काजू ठेवलेले, कुणी हात लावेना. वासंतीगारू माझ्याकडे बघतात, मी सरांकडे. अखेर मीच म्हणाले, "इमारत सुंदर आहे. मुलं गोड आहेत. पण शिकत नाहीयेत. शिक्का देता येणार नाही."

रेड्डीगारूंनी काजूंची बशी आमच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "मॅडम, मैं दसवीं फेल. लोगां अब्बी हँसते. इसलिएच स्कूल खोला." मग पेन माझ्यापुढे ठेवलं. "जो सच है, वोइच लिखो."

आम्ही तसंच लिहिलं. परतताना मला त्या उन्हातल्या आठवीचं वाईट वाटत होतं, आणि खरं सांगते, त्या माणसाचंही.

महिना झाला असेल. सकाळी पेपर उघडला तर पानभर जाहिरात! वर आम्हा तिघांचा, स्वागताच्या वेळी काढलेला हसरा फोटो, खाली ठसठशीत अक्षरात: 'हैदराबादची एकमेव शाळा, जिला तज्ज्ञांनी खरोखर तपासून नापास केलं! दुसऱ्यांना कुणी तपासलंय का?'

माझं डोकंच फिरलं. पेपर पिशवीत कोंबला, रिक्षा केली आणि तडक शाळेवर. आज रेड्डीगारूंना सोडायचं नाही!

गेटपाशी रिक्षा पुढे जाईना. अ‍ॅडमिशनची लाइन खडकाला वळसा घालून थेट मेन रोडपर्यंत. छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, आजोबा, आज्या. मी वाट काढत पुढे निघाले, तर कुणीतरी माझ्या पिशवीचा बंद धरला.

कुलकर्णी सर! हातात नातीचा हात.

"सर, तुम्ही? इथे? आपणच तर..."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं, नातीला पुढे सरकवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"बाई, लाइनीने या. मध्ये नका घुसू!"