जावयाचं बाथरूम

लिंबायतमधल्या आमच्या बिल्डिंगीत समोर राहणाऱ्या काकांना आपल्या नाकाचा भारी अभिमान. जिना चढताना कुणाकडे वांगी भाजताहेत आणि कुणाचं दूध उतू गेलंय, हे ते मोठ्याने जाहीर करतात.

मजल्यावर गटाराचा वास सुटला, तेव्हा ते पेटती अगरबत्ती घेऊन थेट आमच्या मोरीत शिरले आणि अहिराणीत ओरडले, "आठे काहीतरी मरेल शे, ताई!" म्हणजे इथे काहीतरी मेलंय. मग त्यांनी अगरबत्ती मोरीच्या जाळीवर धरली. धूर हलला, की गटाराची हवा तिथूनच येते म्हणे. आमच्याकडे धूर सरळ वर गेला. काका खट्टू झाले. शेजारणीकडेही तेच.

"तुमचं दुसरं बाथरूम पाहिलंत का?" मी काकांना विचारलं.

"छे! ते जावयासाठी राखून ठेवलंय. मुलीच्या लग्नापासून कुणी वापरलेलंच नाही."

काकूंनी कुलूप काढलं आणि आम्ही बायकांनी पदर नाकाला लावले. वास अडवणारं जाळीखालचं पाणी कधीच आटून गेलं होतं. अगरबत्तीचा धूर काकांच्याच तोंडावर आला.

त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वास तुमच्याकडचाच होता. इथे येऊन लपला होता."

आता रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं, की ते एक तांब्या जावयाच्या जाळीत ओततात. कुलूप लावतात आणि आमच्या दाराशी येऊन जोरात हुंगतात. मीही तेव्हाच मुद्दाम लसणाची फोडणी टाकते.