होणाऱ्या व्याह्यांसोबत मूळव्याधीच्या डॉक्टरकडे

आमच्याकडे काहीही झालं की ती उष्णता असते. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर संडासात पहिल्यांदा रक्त दिसलं, तेव्हा निदान माझं मीच केलं आणि बेलवलीच्या घरात गुलकंदाची बाटली आली. मग धण्याचं पाणी, मग सब्जा. उन्हाळा गेला, पाऊस गेला, थंडीत स्वेटर घालून मी सब्जा पीत होतो. उष्णता काही उतरेना, आणि आता बसलं की दुखायलाही लागलं.

उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात मी तेव्हा कटिंग मास्तर होतो. कटिंग उभ्यानं करायचं काम, म्हणून तिथे माझं बिंग फुटलं नाही. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूची चौथी सीट कुणालाच नको असते. ती मी हौसेनं मागून घ्यायचो. एक बाजू टेकायची, दुसरी हवेत. रिक्षावाले मला फार सज्जन माणूस समजायचे.

डॉक्टरकडे जा म्हणून बायको मागे लागली की मी लाज वाटते म्हणायचो. खरं तर भीती वाटत होती. हा कॅन्सर असला तर? मुलीचं लग्न व्हायचं होतं. गेलो नाही तर कळणार नाही, आणि कळलंच नाही तर तो नाही, असं माझं गणित. कापडात अर्ध्या इंचाची चूक न करणारा माणूस हे गणित महिनोन् महिने मांडत होता.

अशात मुलगी बघायला अंबरनाथहून पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं. सगळे बसले, मी फ्रीजला टेकून उभा. मुलाचे वडील बसा म्हणाले, मी म्हटलं तुम्ही बसा. मुलाची आई बसा म्हणाली, मी पोहे आणायला आत पळालो. बायकोनं स्वयंपाकघरात असं बघितलं की शेवटी येऊन खुर्चीच्या कडेवर टेकलो, डावीकडे कलून. मुलाची आई गंभीर झाली. मुलीच्या बापाला स्थळ पसंत नाही, हे तिनं तिथेच ठरवून टाकलं.

मुलाचे वडील अंबरनाथच्याच एका कारखान्यातून रिटायर झालेले, कमी बोलणारे. बशी खाली ठेवून म्हणाले, जरा गॅलरी दाखवा. आमची गॅलरी म्हणजे एक दोरी आणि एक बादली. देण्याघेण्याचं बोलणार, या तयारीनं मी मागोमाग गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं.

"रक्त पडतं का?"

मी दोरीवरचा टॉवेल नीट करायला लागलो. म्हटलं, थोडंसं. उष्णतेचं आहे.

"माझंही उष्णतेचंच होतं. ऑपरेशन केलं तेव्हा उतरली. उद्या सुट्टी टाका, मी येतो."

"पण स्थळाचं काय?"

"ते बायका बघतील. तुम्ही डॉक्टर बघा."

डॉक्टर निघाला माझ्या कारखान्याच्याच गल्लीत. त्याच्या पाटीखालून मी रोज पलीकडे तोंड करून जायचो. आत मला कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून त्यानं तपासलं. मूळव्याध होती, शिवाय चीरही पडली होती. मी सुटल्यासारखा उठलो, तर म्हणाला, बसा. मग उभेच राहा म्हणाला.

"रक्त मूळव्याधीचंच आहे हे घरी बसून कळत नाही. बघितल्याशिवाय मलाही कळत नाही. तुमच्या वयात पहिल्यांदा दिसलं की यायचं. आणि पोट साफ होण्याची पद्धत बदलली, वजन उतरलं, तर रक्ताचीही वाट बघायची नाही."

मग आतड्याची दुर्बिणीनं तपासणी लिहून दिली. त्या दिवशीही मुलाचे वडील माझ्यासोबत आले. आत जाताना मी दोनदा बाहेरच्या दाराकडे बघितलं, पण त्यांच्यासमोर घरी पळायचीही सोय नव्हती.

रिपोर्ट दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरनं तो वाचला आणि म्हणाला, तसलं काही नाही. औषध घ्या, पाणी प्या, संडासात पेपर वाचत बसू नका.

बाहेर आलो. मुलाचे वडील बाकावरून उठले. मी म्हटलं, तसलं काही नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता लग्नाची तारीख काढू."

"बायकांचं ठरलं?"

"गेल्या आठवड्यातच. पण आजच्या आधी सांगून तुमच्या कानात शिरलं असतं का?"

नसतंच शिरलं. समोरच्या हॉटेलात मी मोठ्या आनंदानं तळलेल्या पुऱ्यांचं तिखट दालपकवान सांगायला हात वर केला. व्याह्यांनी तो खाली ओढला आणि दोन ग्लास ताक मागवलं.