धुतलेल्या कांड्या

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. "वसंतामामा गेला वं... खाणीची भिंत अंगावर आली." त्याला दोन महिने झाले. मागच्या पंधरवड्यात चौकशीचा अहवाल आला. अतिपावसाने भिंत कोसळली, खडक घट्टच होता, असं त्यात लिहिलंय. मला लिहायची सवय नाही, आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. पण हे वाचून गप्प बसवत नाही.

मामा नागपूरजवळच्या एका खुल्या कोळसा खाणीत ठेकेदाराच्या ड्रिलवर होता. जमिनीतून खडकाच्या लांब कांड्या काढायच्या, पेटीत ओळीने मांडायच्या. गेल्या वर्षी भूशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी तिथे गेले आणि पुस्तकात वाचलं होतं तसं, पाइप घेऊन कांड्या धुवायला लागले. मामा धावतच आला. "धुवून काहून राहिली वं? तोच तं खरा माल आहे!" दोन कांड्यांमधला राखाडी चिखल त्याने चिमटीत धरला, ओला केला, बोटं घसरवून दाखवली. "रेती असती तं घासली असती, धरून ठेवलं असतं. हे माती पाणी पेते, फुगते, अन् सोडून देते." जिथे खडक तुटून सरकलेला असतो तो भ्रंश, आणि हा चिखल तिथलाच. त्यात कोणतं खनिज भरलंय आणि आतल्या पाण्याचा दाब किती, यावर तो टिकणार की सरकणार हे ठरतं. वर्गात हे मला दोन तासांत कळलं नव्हतं...

त्या कांड्या ज्या भिंतीतून काढल्या होत्या, तिच्यामागचं पाणी काढायला भोकं पाडा, असं मामाने खाणीच्या साहेबांना सांगितलं होतं. साहेब हसले, "वसंतराव, डॉक्टरेट कधी केली तुम्ही?" पुढे तपासणी आली म्हणून साहेबांनी पेट्यांतल्या सगळ्या कांड्या धुवायला लावल्या. चिखल वाहून गेला, नोंदवहीत त्या जागी 'नमुना मिळाला नाही' असं लिहिलं. आता अहवाल म्हणतो, चिकणमाती आढळली नाही. कशी आढळेल? पाऊस तर सगळ्याच भिंतींवर पडला. तीच एक का सरकली, हे कोणीच विचारलं नाही.

अहवाल ऐकल्यावर मामीने फळीवरून चहाचा डबा काढला. आत प्लास्टिकमध्ये बांधलेली मूठभर राखाडी माती, आणि चिठ्ठीवर बॉलपेनने पेटीचा नंबर, जमिनीखालची खोली, 'चिकट. पाणी येते.' आम्ही ती प्रयोगशाळेत तपासली. फुगणारीच माती. सरांचं पत्र जोडून मी चौकशीच्या कार्यालयात गेले. बाबूंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. अधिकाऱ्याची सही नाही, नमुना घेता येत नाही, म्हणाले.

डबा मामीला परत देताना मी मान वर न करता कारण सांगितलं. मामीने चिठ्ठी उजेडात धरली.

"सही नाई म्हणते? अक्षर तं त्याचंच आहे ना!"