कंट्रोलखालची अक्षता

आमच्या कडाव गावात कॉम्प्युटरमधलं सगळ्यात जास्त मला कळतं, असं माझं मत होतं. (इतरांना विचारायची वेळ कधी आली नाही.) खालापूरच्या एका ऑफिसात मी टायपिंग करतो. कंट्रोल आणि सी म्हणजे कॉपी, कंट्रोल आणि झेड म्हणजे केलेली चूक मागे, कंट्रोल आणि पी म्हणजे प्रिंट, असा एकेक शॉर्टकट मी रोज सकाळी गावाच्या ग्रुपवर टाकतो. लोक त्यावर नमस्काराचे हात पाठवतात. ते हात 'आता पुरे' म्हणून असतात, हे मला बायकोने सांगितलं तेव्हा मी तिच्याशी दिवसभर बोललो नव्हतो.

त्याच बायकोचा, म्हणजे नयनाचा, इंटरव्ह्यू होता. कर्जतजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रात बुकिंग सांभाळायचं काम. लग्नाआधी ती नोकरी करायची, मग घर, मुलगी, शेती यांत ते राहूनच गेलं. आता मुलगी शाळेत जायला लागली आणि नयनाने एकटीने अर्ज केला. इंटरव्ह्यू लॅपटॉपवर, व्हिडिओ कॉलने. आधी बोलायचं, मग समोर टाइप करून दाखवायचं. आठवडाभर ती भाकऱ्या थापताना पुटपुटत होती, "गुड मॉर्निंग मॅडम, गुड मॉर्निंग मॅडम."

नेटवर्क फक्त पडवीत येतं, म्हणून टेबल पडवीत मांडलं. तेवढ्यात आई आरतीचं ताट घेऊन आली. आमच्याकडे नवीन काम पूजेशिवाय सुरू होत नाही. ट्रॅक्टरची झाली, मिक्सरची झाली, पाण्याच्या मोटरला तर नारळसुद्धा मिळाला!

"आरं, हितं कुठं लावू कुंकू? ह्या काचंवर?" आईने विचारलं.

"पडद्यावर नको गं, डाग पडेल!" मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो. "अक्षता की-बोर्डवर टाक. खरं काम तिथंच असतं."

आईने ओल्या कुंकवातल्या अक्षता मूठभर टाकल्या. घरचेच तांदूळ, हात कशाला आखडेल?

"अहो, हे काढा आधी! मॅडम येतील आता," नयना ओरडली.

"कपडा घेऊ नकोस. त्यालाही शॉर्टकट आहे!" असं म्हणून मी छाती भरून श्वास घेतला आणि अशी फुंकर मारली, की अक्षता उडाल्या, कुंकू उडालं आणि नयनाच्या नव्या साडीवर लाल शिंतोडे आले. की-बोर्ड मात्र चकाचक दिसायला लागला.

मॅडम आल्या. बोलणं झकास झालं. मी खांबाआड उभा राहून मान डोलवत होतो. मग मॅडम म्हणाल्या, "छान! आता पाहुण्यांसाठी 'वेलकम टू अवर फार्म' असं इंग्रजीत टाइप करा बघू."

नयनाने डब्ल्यू दाबला. मॅडम गायब!

"अहो! मॅडम गेल्या!"

"नेटवर्क," मी म्हणालो. पुन्हा जोडलं. मॅडम पुन्हा हसल्या. नयनाने पुन्हा डब्ल्यू दाबला. मॅडम पुन्हा गायब!

"व्हायरस," मी म्हणालो.

"दृष्ट," आई म्हणाली आणि मिरच्या आणायला आत पळाली.

तिसऱ्यांदा जोडल्यावर मी नयनाला बाजूला सारलं आणि सूत्रं हाती घेतली. पी दाबून पाहिला, तर प्रिंट काढू का, असा प्रश्न आला. (प्रिंटर आमच्या सात पिढ्यांत नाही.) एन दाबला, नवीन खिडकी उघडली. घाबरून माउसचं चाक फिरवलं, तर पडद्यावरचं एकेक अक्षर कलिंगडाएवढं झालं! मी जितकी बटणं दाबत होतो, तितकी घोळात भर पडत होती. गावाला शिकवलेले सगळे शॉर्टकट न बोलावता एकापाठोपाठ येत होते, आणि ते का येतात, हे मला काही केल्या कळत नव्हतं!

"नयनाताई," कलिंगडांच्या मागून मॅडमचा आवाज आला, "एकदाच शेवटचं बघूया. नाहीतर मला पुढच्या उमेदवाराला घ्यावं लागेल."

नयनाचे डोळे भरले. आता मलाही काही सुचेना, म्हणून चार्जर तपासायला मी टेबलाखाली शिरलो. (काही सुचेनासं झालं की सगळे तज्ज्ञ चार्जरच तपासतात.)

पडवीत सांडलेल्या अक्षता टिपत आमची चंपी कोंबडी टेबलापर्यंत आली होती. खालचं संपलं, तशी फडफडत ती थेट टेबलावर! मॅडमना भर इंटरव्ह्यूत कोंबडीचं तोंड दिसलं. मी टेबलाखालून मान बाहेर काढून पाहिलं. चंपीने मान वाकडी केली, की-बोर्डच्या कोपऱ्यात नीट पाहिलं आणि टक्कन चोच मारली. चोचीत लालभडक तांदूळ! तो कंट्रोलच्या बटणाच्या फटीत शिरून बसला होता. बटण दाबलेलंच राहिलं होतं, म्हणून डब्ल्यू दाबला की खिडकीच बंद व्हायची. माझ्याच फुंकरीने!

मी दचकून उठायला गेलो आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. नयनाने मात्र चंपीला अलगद उचलून काखेत घेतलं.

"माफ करा मॅडम, ही आमची चंपी. माणसांना अजिबात भीत नाही. शहरातली मुलं आली की त्यांच्या हातावरचे दाणे खाते."

"आणि मुलं घाबरली तर?" मॅडम हसू दाबत म्हणाल्या.

"तर आधी दाणे जमिनीवर टाकायला सांगायचं. एकदा हसली, की मुलं आपणहून हात पुढे करतात."

मग नयनाने, काखेत कोंबडी तशीच ठेवून, एका हाताने 'वेलकम टू अवर फार्म' टाइप केलं. एकही चूक नाही! आई मिरच्या घेऊन आली, तेव्हा मॅडम पोट धरून हसत होत्या. आईने मिरच्या चंपीवरूनच उतरवल्या.

संध्याकाळी फोन आला. नोकरी मिळाली! मला इतका आनंद झाला, की डोक्यावरचं टेंगूळसुद्धा गोड वाटलं.

आईने ही हकिकत अर्थातच नळावर सांगितली. दुसऱ्याच दिवशी दूध डेअरीतल्या गणपतदादांचा फोन आला, "भाऊ, आमचा काम्पुटर आडकलाय रं. बटान दाबलं की भलतंच व्हतंय."

मी शर्ट चढवत म्हणालो, "दादा, कशाला हात लावू नका. मी आलोच!"

"तू नको रं," दादा घाईघाईने म्हणाले, "चंपी मोकळी हाय का?"

चंपी मोकळी होती. मी तिला टोपलीत घालून डेअरीवर घेऊन गेलो आणि तिचं काम होईपर्यंत बाहेर थांबलो.